व्हेसूव्हियसची उजेडाची पेटी : कामाच्या नोंदी

३ जानेवारी

येत्या २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, आमच्या गावच्या वाचनालयात ज्वालामुखीच्या उद्रेकांची जुनी चित्रे लावायची आहेत. त्यांच्या मधोमध, मागून दिवे लावलेल्या पेटीत, एक हलते चित्र ठेवावे असे मी सुचवले आणि ते मान्य झाले. मूळ कल्पना माझी नाही. विल्यम हॅमिल्टन हे १७६४ पासून ब्रिटनचे दूत म्हणून इटलीतील नेपल्सला राहत. ते जवळच्या व्हेसूव्हियस या ज्वालामुखीवर वारंवार चढत आणि जे पाहत ते लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला पत्रांतून कळवत. १७६७ च्या अखेरीस त्यांनी अशाच एका पत्रासोबत पारदर्शक रंगांत काढलेले चित्र पाठवले. मागे दिवे लावून ते पाहिले असता डोंगराची जशी कल्पना येते तशी दुसऱ्या कोणत्याही रीतीच्या चित्रातून येत नाही, असे त्यांचे मत होते. पुढे लाव्हा वाहताना दिसावा अशी यांत्रिक रचनाही त्यांनी योजली. तिचे रेखाटन फ्रान्समधील बोर्दो शहराच्या ग्रंथालयात आहे, आणि मेलबर्न विद्यापीठातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी त्यावरून तसे यंत्र अलीकडे उभारले आहे.

आमच्याकडे प्रयोगशाळा नाही. पण शेजारी गणेश मंडळाचे हलते देखावे वर्षानुवर्षे करणारे काका आहेत, त्यांच्या गोदामात मोटारी, दिवे आणि जिलेटीन कागदाची रिळे आहेत, आणि मी स्वतः शाळेत चित्रकला शिकवतो. एवढ्या भांडवलावर काम होईल असे वाटते. खर्चासाठी ३,५०० रुपये मंजूर झाले आहेत. पुढे कोणाला असेच काम करायचे असेल त्याच्या उपयोगी पडावे म्हणून या नोंदी ठेवत आहे.

६ जानेवारी

चित्र नक्की केले. हॅमिल्टन यांनी १७७६ मध्ये नेपल्सला ‘कांपी फ्लेग्रेई’ हा ग्रंथ छापून घेतला. त्यात पिएत्रो फॅब्रिस या चित्रकाराची ५४ रंगीत चित्रे आहेत, आणि १७७९ च्या ऑगस्टमधील उद्रेकानंतर आणखी ५ चित्रांची पुरवणी निघाली. त्यांतील ११ मे १७७१ च्या रात्रीचे चित्र मी घेतले. व्हेसूव्हियसमधून निघालेला लाव्हा रेसीना गावाच्या दिशेने वाहत आहे आणि हॅमिल्टन नेपल्सच्या राजाराणीला तो दाखवायला घेऊन आले आहेत. सगळा काळोख आहे, आणि जो काही उजेड आहे तो लाव्ह्याचा आहे. मागून दिवा लावायला याहून योग्य चित्र मला सापडले नाही. चित्रकार हॅमिल्टन यांच्याबरोबर डोंगरावर जाणारा होता, हेही माझ्या दृष्टीने मोठे कारण होते.

पहिली अडचण लगेचच आली. दोन वेगवेगळ्या ग्रंथालयांनी उपलब्ध केलेल्या त्याच चित्राच्या प्रती शेजारी शेजारी ठेवल्या, तर एकीत लाव्हा नारिंगी आणि दुसरीत जवळजवळ किरमिजी दिसतो. मी आधी छायाचित्रणाचा दोष समजून दोन संध्याकाळी संगणकावर रंग जुळवण्यात घालवल्या. त्या वाया गेल्या. या ग्रंथात फक्त रेषा तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या आहेत. रंग प्रत्येक प्रतीत हाताने भरलेले आहेत. त्यामुळे दोन प्रती तंतोतंत सारख्या असणारच नाहीत, आणि ‘मूळ रंग’ म्हणून एकच एक रंग शोधणे चुकीचे आहे. मी नारिंगी प्रत धरून चालायचे ठरवले. कारण साधे आहे : ताजा वाहता लाव्हा हजार अंशांच्या पुढे तापलेला असतो आणि त्या तापमानाला तो पिवळसर नारिंगी दिसतो, मग निवत निवत लाल होतो आणि शेवटी त्यावर काळी खपली धरते. म्हणून उगमाशी नारिंगी आणि कडांना लाल, असा क्रम मी धरणार आहे.

१० जानेवारी

सुताराकडून पेटी आली. १२ मिलिमीटरच्या प्लायचे तुकडे ६५० रुपये आणि मजुरी ५०० रुपये. चूक माझीच आहे. मी त्यांना दर्शनी खिडकी ६० बाय ४५ सेंटिमीटरची सांगितली होती, आणि हे चित्र तर चांगलेच आडवे आहे. त्याची रुंदी उंचीच्या जवळजवळ दुप्पट भरते. पेटी पुन्हा करायला वेळ नाही आणि पैसेही नाहीत, म्हणून वर-खाली काळ्या जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून खिडकी ६० बाय ३३ ची केली. दिसायला वाईट नाही. पण आधी चित्र मोजून मग पेटी सांगायला हवी होती. हे काम करणाऱ्याने सर्वांत आधी पट्टी हातात घ्यावी.

१३ जानेवारी

ट्रेसिंग पेपरवर रेखाटन उतरवले. १८० रुपयांचे मोठे कागद आणले होते. रेषा उत्तम आल्या, परंतु आकाशाचा निळा-काळा थर पाण्याच्या रंगात देताच कागदाला लाटा आल्या, आणि वाळल्यावरही त्या गेल्या नाहीत. मागून दिवा धरला तेव्हा प्रत्येक सुरकुतीची सावली पडून आकाशात डोंगरांच्या रांगा उभ्या राहिल्यासारख्या दिसल्या. दुसरा कागद फळीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने ताणून पाहिला, तो वाळताना मधोमध फाटला. उद्या संक्रांत असल्याने दुकाने बंद राहतील. विचार करायला एक दिवस मिळाला.

१७ जानेवारी

कागदाचा प्रश्न सुटला, आणि तो जुन्या रीतीनेच सुटला. अशी पारदर्शक चित्रे त्या काळी युरोपात बरीच होत असत; लंडनच्या एडवर्ड ऑर्म यांनी १८०७ मध्ये त्यांच्या कृतीवर पुस्तकच काढले. कागद पारदर्शक घ्यायचा नाही, साधा चांगला जाड कागद घ्यायचा, त्यावर दोन्ही बाजूंनी रंग द्यायचा, आणि जिथून उजेड यायला हवा तेवढाच भाग वार्निशने पारदर्शक करायचा. म्हणजे बाकीचा कागद स्वतःच उजेड अडवतो आणि लाव्हा तेवढा पेटतो.

मी शाळेतला जाड ड्रॉइंग पेपर घेतला, फळीवर ओला करून ताणला, पूर्ण वाळू दिला आणि मग रंगवला. या वेळी लाटा आल्या नाहीत. वार्निशऐवजी घरात होते म्हणून जवसाचे तेल एका कोपऱ्यावर लावून पाहिले, ही पुन्हा चूक. तेल नेमून दिलेल्या रेषेत थांबत नाही. रात्रभरात ते बोटभर पसरले, आणि लाव्ह्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसांच्या आकृती त्यात बुडून गेल्या. तो कागद टाकून दिला. दुसऱ्यावर दाट वार्निश बारीक ब्रशने दोन हातांत लावले, पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा. ते जिथल्या तिथे राहिले. रंग, वार्निश आणि ब्रश मिळून ६१० रुपये झाले.

कागदाच्या मागच्या बाजूने काळा पोस्टर कलर देणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे काम आहे. पुढून चित्र पूर्ण झाल्यासारखे दिसते, पण मागे दिवा लावला की काळोखात टाचणीच्या टोकाएवढी शेकडो छिद्रे चमकतात. खोलीत अंधार करून, कागद दिव्यासमोर धरून, एकेक छिद्र बुजवत बसलो. तीन रात्री लागल्या. माणसांच्या आकृती मात्र मुद्दाम पूर्ण काळ्या केल्या नाहीत. लाव्ह्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या अंगाची एक कड उजळलेली असते, आणि ती केसाएवढी कड राखली की तो माणूस तिथे उभा आहे असे पटते.

२० जानेवारी

दिवे. घरात एलईडीची पांढरी पट्टी पडून होती ती लावली आणि सगळा लाव्हा गुलाबी झाला, सरबतासारखा. त्या पट्टीचा उजेड ६५०० केल्व्हिनचा, म्हणजे निळसर पांढरा होता. हॅमिल्टन यांच्यापुढे तेलाचे दिवे आणि मेणबत्त्या होत्या. त्यांचा उजेड दोन हजार केल्व्हिनच्या आसपासचा, पिवळा असतो. ‘वॉर्म व्हाइट’ पट्टी ३५० रुपयांना आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर ३८० रुपयांना आणला. त्याच कागदावर, तेच रंग असूनही, चित्र एकदम ठिकाणावर आले. काकांनी जिलेटीनचे नारिंगी आणि पिवळे तुकडे दिले, आणखी ६० रुपयांचे विकत आणले. नारिंगी उगमाशी, लाल कडेला, हा ६ तारखेचा क्रम त्यांच्या मदतीने बसवला. लाल जिलेटीन फार उजेड खाते, म्हणून तिथे पट्टी दुहेरी केली.

२५ जानेवारी

लाव्हा हलवण्याची रचना. काळ्या कार्डशीटचा २० सेंटिमीटर व्यासाचा आणि ४० सेंटिमीटर लांबीचा पोकळ ढोल केला. दोन्ही टोकांना प्लायच्या चकत्या आणि मधून न फिरणारी पीव्हीसीची नळी, जिच्यावर दिव्याची पट्टी गुंडाळली आहे. ढोलावर तिरक्या, वेड्यावाकड्या फटी कापल्या. ढोल फिरला की फटींमधून येणारे उजेडाचे पट्टे कागदाच्या मागून सरकतात आणि लाव्हा वाहतो.

काकांनी गोदामातली सिंक्रोनस मोटर दिली, मिनिटाला ५ फेऱ्या करणारी. चालू केली. लाव्हा वाहिला, पण डोंगरावरून खाली येण्याऐवजी खालून वर चढला. तारा उलट करून पाहिल्या, फरक नाही. बंद करून पुन्हा चालू केली तेव्हा तो आपोआप खाली वाहू लागला. तिसऱ्यांदा पुन्हा वर. काका शांतपणे म्हणाले, “सर, ही मोटर मनाची आहे. कधी उजवी, कधी डावी. गणपतीमागच्या चक्राला चालून जातं, तिथे दिशा कोण बघतो?” या जातीच्या स्वस्त मोटारी सुरू होताना कोणत्याही दिशेला सुटतात, हे मला आज कळले. ज्यांना असे काम करायचे आहे त्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे. माझा अख्खा रविवार तारा बदलण्यात गेला.

वेगही चुकलेला होता. ढोलाचा परीघ ६३ सेंटिमीटर. मिनिटाला ५ फेऱ्या म्हणजे उजेडाचा पट्टा सेकंदाला ५ सेंटिमीटरहून अधिक सरकतो. ६० सेंटिमीटरच्या चित्रात हा वेग धबधब्याचा दिसतो. ज्याने लाव्हा पाहिलेला नाही त्याच्या मनातही तो पाण्यापेक्षा जड असतो, आणि डोळा ही लबाडी चटकन ओळखतो.

१ फेब्रुवारी

१२ व्होल्टची, मिनिटाला १० फेऱ्या करणारी डीसी गिअर मोटर २४० रुपयांना आणि वेग कमी-जास्त करणारे लहान सर्किट १५० रुपयांना आणले. डीसी मोटरची दिशा तारांवर अवलंबून असते, त्यामुळे ती अडचण संपली. पण १० फेऱ्यांची मोटर सर्किटने दीड फेरीवर आणली की तिच्यात जोर राहत नाही. ढोल अडखळत, झटके देत फिरतो. २४० रुपये वाया. मग साडेतीन फेऱ्यांची मोटर २६० रुपयांना आणली आणि ती दीड फेरीवर सुरळीत फिरली. आता पट्टा सेकंदाला दीड सेंटिमीटरच्या आसपास सरकतो. अजूनही खरा नाही. परंतु त्याहून हळू केला तर चित्र हलत आहे हेच पाहणाऱ्याला कळत नाही. इथे मी सत्याला थोडी मुरड घातली आहे आणि तसे पाटीवर लिहिणार आहे.

दुसरा दोष : ढोल आणि कागद यांच्यामध्ये ५४० रुपयांची दुधी अ‍ॅक्रिलिकची काच बसवली होती, दिव्याचे ठिपके दिसू नयेत म्हणून. तिने ठिपके घालवले आणि हालचालही घालवली. पट्टे एकमेकांत मिसळून नुसता फिकट उजेड थरथरत राहिला. सुताराने लाव्ह्यामागचा भाग कापून दिला. आता आकाश आणि धूर यांच्या मागे काच आहे आणि लाव्ह्याच्या मागे फक्त बटर पेपर. रात्री पहिल्यांदा सगळे एकत्र लावून पाहिले. खोलीतला दिवा बंद केल्यावर बायको काही न बोलता दारात उभी राहून बराच वेळ पाहत होती.

४ फेब्रुवारी

पेटी सलग दीड तास चालवली. झाकण उघडले तर आत चांगलीच ऊब होती आणि ढोलाच्या कार्डशीटला एका बाजूने बाक आला होता. तो नळीला घासू लागला होता. एलईडी तापत नाहीत असे आपण धरून चालतो, पण बंद पेटीत पाच मीटर पट्टी तापते. मागच्या फळीला वर-खाली भोके पाडली आणि १२० रुपयांचा लहान पंखा बसवला. ढोल पुन्हा केला, या वेळी दुहेरी कार्डशीटचा.

८ फेब्रुवारी

आता भिंतीवरची आठ चित्रे. वाटले होते की हे सोपे काम आहे. छापायचे आणि लावायचे. प्रत्यक्षात सर्वांत गंभीर चुका इथे झाल्या.

ए-३ आकारात स्वच्छ छपाईसाठी चित्र साधारण ४,९६० बाय ३,५०८ पिक्सेलचे लागते. व्हेसूव्हियसच्या इ.स. ७९ च्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहरातील ‘हाउस ऑफ द सेंटेनरी’ या घरातील भित्तिचित्राची माझ्याकडची प्रत ९०० पिक्सेलची होती आणि ती छापून धूसर आली असती, हे सुदैवाने छपाईआधी लक्षात आले. हे चित्र मला सोडायचे नव्हते. आता ते नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्यात व्हेसूव्हियस आहे, पण उद्रेक नाही. उतारावर द्राक्षमळे आहेत आणि शेजारी द्राक्षांच्या घोसांनी झाकलेला बॅकस, रोमन लोकांचा मद्याचा देव, उभा आहे. इ.स. ७९ च्या आधी त्या डोंगराखाली राहणाऱ्यांनी तो असा रंगवला. उद्रेकांच्या प्रदर्शनात पहिले चित्र हेच असले पाहिजे, याबद्दल मी आग्रह धरला.

आठही चित्रांची छपाई प्रत्येकी ९० रुपये आणि सनबोर्डवर चढवणे प्रत्येकी ११०, एकूण १,६०० रुपये. चित्राखालची माहिती त्याच बोर्डावर छापून घेतली.

११ फेब्रुवारी

दोन बोर्ड बाद झाले.

पहिला इंडोनेशियातील क्राकाटोआ या ज्वालामुखी बेटाचा. १८८३ च्या २६ आणि २७ ऑगस्टला क्राकाटोआ फुटले, बेटाचा बराचसा भाग समुद्रात गेला, ३६ हजारांहून अधिक माणसे गेली. या उद्रेकाचे म्हणून जे चित्र सगळीकडे दिसते, काळ्या-करड्या धुराचा उंच स्तंभ आणि खाली लहानसे बेट, ते मी घेतले आणि खाली ‘२७ ऑगस्ट १८८३’ असे छापले. ग्रंथपालबाईंनी विचारले, “सर, एवढा मोठा स्फोट इतक्या जवळून काढायला चित्रकार जिवंत राहिला कसा?” मला उत्तर देता येईना. म्हणून रॉयल सोसायटीने १८८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाची पूर्ण प्रत उघडली. चित्र त्यातलेच आहे, आणि त्याखाली स्पष्ट छापलेले आहे की ते रविवार, २७ मे १८८३ रोजी घेतलेल्या छायाचित्रावरून केले आहे. मे महिन्यात ज्वालामुखी नुकता जागा झाला होता आणि बटाव्हियाहून (आजच्या जकार्ताहून) लोक आगबोटीने तो पाहायला गेले होते. म्हणजे हे तीन महिने आधीचे, मौजेने पाहिलेल्या उद्रेकाचे चित्र आहे. ज्या मुखातून तो धूर निघत होता ते पुढे ऑगस्टमध्ये उरलेच नाही. मी घेतलेल्या प्रतीत खालची ओळ कापलेली होती. तारीख एकच, महिना वेगळा, आणि मधल्या तीन महिन्यांत सगळा फरक. बाईंनी तो साधा प्रश्न विचारला नसता तर ही चूक भिंतीवर गेली असती.

दुसरा बोर्ड टर्नर या इंग्रज चित्रकाराचा. कॅरिबियन समुद्रातील सेंट व्हिन्सेंट बेटावरील सुफ्रिएर ज्वालामुखीच्या ३० एप्रिल १८१२ च्या मध्यरात्रीचे ते चित्र आहे. आकाशभर उसळलेली आग आणि खाली काळे पाणी. मी खाली ‘टर्नर, १८१२’ असे लिहिले, जणू ते तिथे बसून रंगवत होते. टर्नर त्या बेटावर कधीच गेले नाहीत. चित्र १८१५ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडले गेले, आणि ते त्या बेटावरील ह्यू कीन यांनी त्या वेळी केलेल्या रेखाटनावरून केले आहे, असे चित्राच्या शीर्षकातच लिहिलेले आहे. लपवलेले काहीच नव्हते, मीच शीर्षक पुरते वाचले नाही. टर्नर यांचे व्हेसूव्हियसच्या उद्रेकाचे जलरंगचित्रही १८१७ चे आहे आणि ते इटलीला पहिल्यांदा गेले १८१९ मध्ये.

दोन्ही बोर्ड पुन्हा छापण्याचे ४०० रुपये मी खिशातून दिले.

१४ फेब्रुवारी

या दोन चुकांमुळे प्रदर्शनाची मांडणीच बदलली. आधी प्रत्येक चित्राखाली चित्रकार, वर्ष आणि ठिकाण एवढेच होते. आता त्याआधी एक ओळ ठळक अक्षरांत येईल : चित्रकाराने हे पाहिले होते का. मला हे फार महत्त्वाचे वाटते. उद्रेक पाहून काढलेले चित्र ही साक्ष असते आणि ऐकून काढलेले चित्र ही कल्पना असते. दोन्हींना किंमत आहे, पण ती एकमेकांची नव्हे, आणि शाळेतल्या मुलाला हा फरक कोणी सांगितला नाही तर तो भिंतीवरचे सगळे सारखेच खरे समजेल.

लिहायला बसल्यावर ‘होय’ आणि ‘नाही’ पुरेसे नाहीत हे कळले. होकुसाई या जपानी चित्रकाराचे सोपे आहे. फूजी पर्वताचा होएई उद्रेक १७०७ च्या डिसेंबरात झाला, आणि होकुसाई जन्मले १७६० मध्ये. फूजीच्या शंभर दृश्यांच्या मालिकेत त्यांनी त्या उद्रेकाने उडालेली दाणादाण काढली, ती ऐकून-वाचूनच. फॅब्रिस यांच्या दिवसाच्या चित्रासाठी ‘होय’. पण इंग्लंडमधील डार्बीचे चित्रकार जोसेफ राइट? ते १७७४ च्या शरदात नेपल्सला होते. डोंगर त्यांनी नक्की पाहिला, त्याची थोडीफार धगही पाहिली असेल, परंतु त्यांच्या चित्रांत जसा आगीचा लोट आहे तसा मोठा उद्रेक त्या काळात झालेला नव्हता. तरीही परत गेल्यावर त्यांनी हा विषय तीसेक वेळा रंगवला. त्यांच्याखाली ‘डोंगर पाहिला, एवढा उद्रेक नाही’ असे लिहिले. अथानासियस किर्शर या जर्मन विद्वानाने १६३८ मध्ये स्वतः व्हेसूव्हियसच्या मुखात उतरून पाहिले, आणि १६६५ च्या ग्रंथात डोंगर उभा कापून आतली आग दाखवली. मुख पाहिलेले, पोट कल्पनेतले. त्यांच्या बोर्डावर दोन ओळी लागल्या.

सर्वांत सरळ उत्तर छायाचित्राचे असेल असे वाटले होते. जॉर्जिओ सोमर या छायाचित्रकाराने २६ एप्रिल १८७२ च्या दुपारी नेपल्समधून व्हेसूव्हियसचा उद्रेक टिपला. राखेचा पांढुरका डोलारा शहरावर उभा आहे. साक्ष म्हणून याच्याइतके भक्कम काही नाही. पण मी ते आणि फॅब्रिस यांचे रात्रीचे चित्र शेजारी ठेवले तेव्हा लक्षात आले की छायाचित्रात लाल रंगाचा कणही नाही. त्या काळच्या कॅमेऱ्याला रंग दिसत नव्हता आणि रात्रीचा लाव्हा टिपणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. शंभर वर्षे आधीच्या चित्रकाराने जे सांगितले ते या कॅमेऱ्यातल्या काचेच्या तुकड्याला सांगता आले नाही. म्हणून सोमर यांचा बोर्ड मी पेटीच्या अगदी लगत लावणार आहे, अंधाऱ्या कोपऱ्याच्या तोंडाशी.

२१ फेब्रुवारी

वाचनालयात मांडणीची तालीम. पेटीला अंधार हवा आणि बोर्डांना उजेड हवा, हे आधी सुचले नाही. मंडळाचे काळे पडदे आणून कोपऱ्यात तीन बाजूंनी आडोसा केला. तासभर गेला. आडोशात उभे राहिल्यावर मोटरची घरघर फार ऐकू आली. मोटरखाली जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा घातला तेव्हा ती निम्म्याने उतरली.

२८ फेब्रुवारी

प्रदर्शन झाले. शाळेची मुले तुकड्यातुकड्यांनी आली. सोमर यांच्या छायाचित्रासमोर एका मुलीने विचारले, “सर, पण यात आग कुठाय?” तिला पडद्याआड नेऊन पेटी दाखवली. बाहेर येऊन तिने पुन्हा छायाचित्र पाहिले आणि मग बोर्डावरची ओळ मोठ्याने वाचली.

पुष्कळांनी विचारले की आपल्याकडचे काळे दगड असेच आले का. आले, पण असे नाही. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून निघालेल्या लाव्ह्याच्या थरांवर थर चढून झाला; व्हेसूव्हियससारखा शंकूचा एक डोंगर फुटून नव्हे. तो पाहायला तर माणूसच नव्हता, त्यामुळे त्याची साक्ष दगडच देतात. हे मी दिवसभरात वीसेक वेळा तोंडी सांगितले. त्यासाठी एक बोर्ड आधीच करायला हवा होता.

दुपारी तीनला पेटी दहा मिनिटे बंद पडली. ढोलाची चकती आसावरून सरकली होती. काकांनी खिशातली रबरी वायसर घालून ती जाग्यावर बसवली.

२ मार्च

हिशेब दिला. एकूण खर्च ६,०४० रुपये झाला, मंजुरीच्या पावणेदोनपट. त्यातले ट्रेसिंग पेपरचे १८०, दहा फेऱ्यांच्या मोटरचे २४० आणि दोन बोर्डांचे ४०० असे ८२० रुपये निव्वळ चुकांचे. उरलेली वाढ मोटर, पंखा, छपाई यांचा अंदाज न केल्याने झाली. वेळ मोजला नव्हता. संध्याकाळी आणि रविवार धरून शंभर तासांच्या खाली नक्कीच नसेल.

पेटी शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेत ठेवली आहे. आज उघडून पाहिली तर उगमाशी, जिथे दिवा सर्वांत जवळ आहे, तिथे वार्निशला केसासारख्या बारीक भेगा गेल्या आहेत आणि काळ्या रंगाचे दोन पोपडे निघाले आहेत. त्या ठिकाणी दिव्याची पट्टी चार सेंटिमीटर मागे घ्यावी लागेल, आणि कार्डशीटच्या ढोलाऐवजी पातळ पत्र्याचा ढोल करावा लागेल. पत्र्यात फटी कापण्याचे काम काकांच्या ओळखीचा, पत्र्याचे डबे बनवणारा कारागीर करून देतो म्हणाला आहे.